ट्रेलरची शाकारणी



यंदा लेकीकडे ओहायोला सहा महिने राहून आले. तिथल्या देवळाबद्दल, पाठशाळेच्या मुलांबद्दल लिहायचं आहेच, पण आधी छपराची गोष्ट सांगते. आमच्या शेजारणीला ही फोनवर सांगितली तर ती म्हणाली, "अमेरिकेत जाऊन तुम्ही कौलं शाकारलीत की काय?" अगदी तसंच झालं म्हणा.

लेकीकडे एक जुना ट्रेलर आहे. ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. चोवीस फूट लांब, आठ फूट रुंद, १९९६ सालचा. आत दोन शेगड्यांचा ओटा, फ्रीज, झोपायच्या दोन जागा, एवढीशी मोरी. त्यांनी तो कुणाकडून तरी चार हजार डॉलरला जुना घेतलेला. मला आधी वाटायचं, हा काय हौसेचा खर्च! परिग्रह कमी करायचा सोडून चाकांवर दुसरं घर कशाला? पण गेल्या खेपेला त्यांच्याबरोबर दोन दिवस प्रवास केला आणि माझं मत बदललं. आपण कांदा-लसूण, बटाटा खात नाही, सूर्यास्तानंतर जेवत नाही, पाणी गाळून घेतो. हॉटेलात आणि मोटेलात हे सगळं सांभाळायचं म्हणजे चिवडा आणि केळी यांवर दिवस काढायचे. ट्रेलरमध्ये साडेपाचला गाडी थांबवली की सहाला वरणभात तयार. न्यू जर्सीत ब्लेअर्सटाउनला सिद्धाचलम् नावाचं क्षेत्र आहे, १९८३ साली आचार्य सुशीलकुमारजींनी स्थापन केलेलं. ओहायोहून तिकडे दीड दिवस लागतो. नात तिथे जाते ती या ट्रेलरमुळेच. त्यामुळे त्यावरचा माझा राग गेला.

तर मे महिन्यात मी पोचले तेव्हा ट्रेलर अंगणात उभा होता आणि मागच्या पलंगावरचं छत चहा सांडल्यासारखं पिवळं पडलं होतं. एका कोपऱ्यात बोट लावलं तर ओल्या पावासारखं आत गेलं. आणि गादीवर चिमूटभर भुसा पडला होता. लेक म्हणाली, "आई, लाकूड जुनं झालंय, त्याचा कोंडा पडत असेल." मी झाडून काढला. दुसऱ्या दिवशी परत तेवढाच. तुम्हाला सांगते, चाळीस वर्षं धान्य निवडलेल्या बाईला कोंडा कुठला आणि जिवाणूंनी पाडलेला भुसा कुठला ते कळतं.

जावईबापूंनी शिडी लावून वर पाहिलं. त्या काळच्या पुष्कळ ट्रेलरांना छपरावर रबराची चादर असते. ईपीडीएम म्हणतात तिला. वरून पांढरी, खालून काळी. उन्हानं तिच्यावरचा पांढरा थर वर्षानुवर्षं पिठासारखा झडतो आणि पावसाबरोबर वाहून ट्रेलरच्या भिंतींवर पांढरे ओघळ येतात. मी ते ओघळ कबुतरांचे समजले होते. यांच्या छपरावर तर जागोजाग काळं दिसायला लागलं होतं. वर्षं अठ्ठावीस झाली की. असल्या चादरीला कंपन्या दहा-बारा वर्षांची हमी देतात, म्हणजे तिनं दोन जन्म पुरे केले होते.

दुरुस्तीच्या कारखान्यात विचारलं तर सात हजार डॉलरच्या वर सांगितले. चार हजारांच्या ट्रेलरला सात हजारांचं छप्पर! त्यात जावईबापूंची नोकरी मार्चमध्ये गेलेली. नवीन मिळाली होती, पण पगार कमी. ते काही बोलत नव्हते, पण घरात कुठल्या गोष्टीबद्दल बोलणं टाळलं जातंय हे पाहुण्यालाही कळतं. मग ठरलं, घरीच करायचं. पण काय घालायचं?

त्यांनी नमुने मागवले. वीतभर लांबीचे तुकडे जेवणाच्या टेबलावर मांडले. एक ईपीडीएम रबर. दुसरं टीपीओ, तेही चादरीसारखंच, पण रबर नव्हे, प्लास्टिकच्या जातीचं, पांढरंशुभ्र आणि जरा ताठर. तिसरा ॲल्युमिनियमचा पत्रा, जुन्या ट्रेलरांना असायचा तसा. आणि चौथा म्हणजे काहीच न उपटता आहे त्यावरच रोलरनं लावायचा जाड सिलिकॉनचा रंग. त्याचा नमुना नव्हता, नुसतं डब्याचं चित्र.

मला यातलं काय कळणार? पण साड्यांचं कापड पारखतो तसं मी पाहायला लागले. नखानं ओरखडा काढला, घडी घातली, ओढून पाहिलं. मग मी म्हटलं, "जावईबापू, तुमच्याकडे थंडी केवढी पडते! तेव्हा हे कसं वागतं ते बघायला नको का?" दोन्ही तुकडे पिशवीत गुंडाळून एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवले. (लेकीला आवडलं नाही. वेगळ्या खणात ठेवले होते, तरी.) सकाळी काढून मुडपले. रबर तसंच लवचीक, टीपीओ पापडासारखं नाही, पण सुकत आलेल्या चामड्यासारखं ताठ. कडेवरून, कोपऱ्यावरून वळवायचं काम घरच्या माणसांनी करायचं तर मऊ असलेलं बरं, एवढं माझ्याही लक्षात आलं.

टीपीओचे गुण पुष्कळ. ते पिठासारखं झडत नाही, ऊन परतवतं. मोठ्या इमारतींवर ते घालतात त्याचं मुख्य कारण म्हणजे त्याचे दोन तुकडे गरम हवेनं वितळवून एकजीव जोडता येतात. जावईबापू याच गुणावर भाळले होते. मी विचारलं, "आपल्याला किती जोड येणार?" ट्रेलर आठ फूट रुंद, चादर मिळते साडेनऊ फूट रुंद. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत अखंड तुकडा बसतो. मधे जोडच नाही! मग सांधण्याच्या गुणाचे पैसे कशाला द्यायचे? ते हसले आणि म्हणाले, "आई, तुम्ही आमच्या ऑफिसात खरेदीच्या खात्यात पाहिजे होतात."

पत्र्याचा विचार मीच आधी पुढे केला होता. मला पत्र्याचा भरवसा वाटतो. पण ऊन-थंडीनं तो फुगतो-आकसतो, त्या ओढाताणीत कडेचे स्क्रू हळूहळू सैल होतात आणि पाणी नेमकं तिथून शिरतं. आणि पावसात आत झोपलेल्यांच्या कानावर ताशा. तोही बाजूला ठेवला.

राहिलं रबर आणि रंग. रंगाला खर्च चारशे डॉलर आणि दोन दिवस. रबराला चादर, चिकटवण, कडेच्या पट्ट्या, सीलंट मिळून नऊशे. खालचं लाकूड बदलायचं तर आणखी साडेचारशे. म्हणजे साडेतेराशे, आणि आठवडाभराचं काम.

मी बी.कॉम. आहे. नोकरी कधी केली नाही, पण घसारा काढायला विसरले नाही. वहीत मांडलं. रंग पाच वर्षं टिकला तर वर्षाला ८० डॉलर. रबर पंधरा वर्षं टिकलं तर वर्षाला ९०. रंग स्वस्त पडत होता! जावईबापूंनी वही पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "मग रंगच लावू या, आई."

मला बरं वाटायला हवं होतं. पण रात्री झोप लागेना.

इथे मला सांगलीजवळच्या आमच्या जुन्या घराची गोष्ट सांगायला हवी. घर कौलारू. दोन पाखी जिथे काटकोनात मिळतात तिथे पन्हळ होती आणि ती गळायची. १९९४ च्या मे महिन्यात सुतार बघून गेला. म्हणाला, पन्हळीखालचे वासे उघडून बघायला लागतील, पत्रा नवा घालायला लागेल, साडेचार हजार होतील. आमचे हे म्हणाले, उघडू या. घरातला हिशेब माझ्याकडे होता. मी म्हटलं, डांबराचा कागद सहाशेत येतोय, यंदा तो घालू, पुढच्या वर्षी बघू. सासूबाईंनीही माझीच बाजू घेतली. कागद घातला. गळायचं थांबलं. मी दोन वर्षं माझ्या शहाणपणावर खूश होते.

तिसऱ्या वर्षी श्रावणात सासूबाई सकाळी देवळात गेलेल्या असताना त्यांच्या खाटेवर वासा आणि पंधरा-वीस कौलं कोसळली. कागदाखाली ओल कोंडली होती. वरून पाणी येत नव्हतं, पण आतलं बाहेरही जाऊ शकत नव्हतं. वासे आतून पोकळ, आणि त्यात वाळवी. किती? हजारो म्हणू की लाखो? आढ्यापर्यंत पोचली होती. सुतार म्हणाला, औषध मारल्याशिवाय मी नवीन लाकूड लावणार नाही. मारलं. मी परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी मीच केरसुणीनं ते सगळं भरलं. सुपंच्या सुपं भरली. सासूबाई वाचल्या याचा आनंद मानावा की त्या सुपांकडे बघावं, मला कळत नव्हतं. प्रतिक्रमण करताना आजही ते सूप डोळ्यांसमोर येतं.

आपल्याकडे गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगतात. आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. घर चालवताना, स्वयंपाक करताना, झाडताना होते ती आरंभी. गृहस्थाला ती पूर्ण टळत नाही, यत्नानं कमी करायची. ठरवून, जाणून करायची ती संकल्पी, आणि ती सोडायचीच. त्या वाळवीचं मी मनाशी कित्येक वर्षं आरंभीत जमा केलं होतं. पण खरं सांगू? ज्या दिवशी मी "पुढच्या वर्षी बघू" म्हटलं त्या दिवशी वाशात फार तर थोडी ओल होती. जीव नंतर झाले. आपण धान्याला ऊन का देतो, बिब्बे का ठेवतो, पीठ थोडंथोडंच का दळतो? कीड झाल्यावर तिचं काय करायचं हा प्रश्नच येऊ नये म्हणून. डब्याला जे कळतं ते मला छपराला लावता आलं नाही.

रात्री अकराला, म्हणजे भारतातल्या सकाळी, ह्यांना फोन केला. सगळं सांगितलं, रंगाचा हिशेबही सांगितला. ह्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पन्हळीखालचं आठवतंय ना तुला?"

दुसऱ्या दिवशी मी वही परत उघडली. म्हटलं, "जावईबापू, माझी एक नोंद राहिली. आपण रंगाचा खर्च धरला, पण रंगाखालचं लाकूड कुजलंय ते कुठेच दाखवलं नाही. ताळेबंदात देणं लपवलं की नफा दिसतोच. आणि हे सिलिकॉन एकदा लावलं की त्यावर सिलिकॉनशिवाय दुसरं काही चिकटत नाही. उद्या मत बदललं तरी परतीची वाट नाही." लेक चिडली. "आई, आत्ता साडेतेराशे कुठून काढायचे? आणि तू सहा महिन्यांनी परत जाणार!" तिचंही खोटं नव्हतं. मी येताना भाच्याच्या लग्नाच्या आहेरासाठी डॉलर करून आणले होते, ते पुढे केले. त्यावरून अर्धा दिवस अबोला. शेवटी जावईबापूच म्हणाले, "आईंचं उसनं घेऊ. नोंद करून घेऊ." मी उसनवारीची नोंद केली. बिनव्याजी, पण नोंद.

जूनमध्येच काम उरकायचं असं मी सांगितलं होतं. आषाढातली अष्टाह्निका आणि चातुर्मास लागायच्या आत. तिथे जूनमध्ये सूर्य रात्री नऊला मावळतो, त्यामुळे आठपर्यंत काम करून निवांत जेवण व्हायचं. चातुर्मासात ओहायोत असावं असं मला तेवढ्यापुरतं वाटलं.

जुनी चादर निघाली तेव्हा दिसलं की ती मधे कुठेच फाटली नव्हती. अठ्ठावीस वर्षांचं रबर, तरी धड. पाणी आत आलं होतं ते मागच्या कोपऱ्यातल्या कडेच्या पट्टीखालून. पट्टीचे स्क्रू गंजले होते, त्याखालची चिकटपट्टी वाळून चुरा झाली होती. तिथून पाणी आत शिरून फळीच्या पोटातून चार फूट सरकत पलंगावर डाग पाडत होतं. म्हणजे आम्ही महिनाभर चादर कुठली घालायची यावर बोलत होतो आणि दोष कडेच्या पट्टीत होता. साडीचा पोत बघत बसावं आणि फॉल उसवलेला असावा तसं.

आणि कोपऱ्यातल्या फळीत ते होते. मोठे काळे मुंगळे. तिकडच्या या जातीला सुतारमुंग्या म्हणतात. वाळवीसारखं त्या लाकूड खात नाहीत, ओलं-कुजकं लाकूड कोरून त्यात राहतात आणि कोरलेला भुसा बाहेर टाकतात. तोच गादीवर पडत होता. फळी हलवताच ते पांढरे कोश तोंडात धरून सैरावैरा धावायला लागले. जावईबापू फवाऱ्याचा डबा आणायला उठले. मी म्हटलं, "थांबा. एक दिवस द्या मला."

त्यांना काय वाटलं असेल! पण थांबले. संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही कुजकी फळी दोन बाजूंनी करवतीनं हळूहळू कापली, कटावणीनं सावकाश उचलली, खाली जुनी चादर पसरून तिच्यावर घेतली. चार टोकं धरून घरामागच्या झाडीत नेली. तिथे एक पडलेला ओकचा ओंडका होता, त्याला टेकवून ठेवली. नात बॅटरी घेऊन पुढे. राहिलेला भाग रात्रभर उघडा ठेवला, पाऊस नव्हता म्हणून जमलं. दोन दिवसांत उरलेलेही निघून गेले. ओलच राहिली नाही तर ते थांबतील कशाला?

सगळे वाचले नाहीत. करवतीखाली गेले, कटावणीखाली गेले. मी पाहिले, मोजले नाहीत. आठ दिवस तूप सोडलं आणि रोज णमोकाराची एक माळ जास्त केली. जावईबापू दुसऱ्या दिवशी चहा न घेता कामाला लागले, मी कारण विचारलं नाही.

पुढचं काम सरळ होतं. अडीच फळ्या प्लायवूड नवीन. त्यावर पाण्यात मिसळणारी चिकटवण लावून रबर मधून कडेकडे दाबत नेलं, पोळीवरचा फुगा बसवतो तसं. छपरावर उभं राहायचं नाही, फळी टाकून गुडघ्यांवर बसायचं. व्हेंटची चौकोनी भोकं, मोरीच्या नळीचं भोक, सगळं नंतर कापलं. प्रत्येक चौकटीखाली ब्यूटाइलची पट्टी, वरून आपोआप सपाट पसरणारं सीलंट. कडेच्या पट्ट्यांना सगळे स्क्रू नवे. या रबराला पेट्रोल-रॉकेलच्या जातीचं काही सोसत नाही, फुगतं, म्हणून पुढेही धुवायला साबणाचं पाणीच. नातीनं खाली उभं राहून स्क्रू मोजून दिले. लेक दोन दिवस अबोल्यात होती, पण तिसऱ्या दिवशी तीच सीलंटची बंदूक घेऊन वर चढली आणि खरं सांगते, सगळ्यांत सरळ रेघ तिचीच आली. रांगोळीचा हात आहे.

ऑगस्टमध्ये सिद्धाचलम्‌ला जाऊन आलो. जाताना पेनसिल्व्हेनियात रात्रभर धो धो पाऊस. मी मागच्या पलंगावर झोपले होते, तीन वेळा उठून कोपऱ्याला हात लावून पाहिला. सकाळी नात म्हणाली, "आजी, तू भिंतीला नमस्कार करत होतीस का?"

निघायच्या आधी जावईबापूंनी ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबर, कडेच्या पट्ट्या आणि सगळे सांधे वर चढून तपासायचे. पहिली तारीख त्यांनीच टाकली आहे. त्याखाली मी मराठीत लिहून आले, 'गादीवर भुसा दिसला तर त्याच दिवशी.' उसन्यातले तीनशे डॉलर परत आले आहेत, बाकी वहीत आहेत. भाच्याच्या आहेराचं मात्र अजून काही ठरलेलं नाही, लग्न मार्गशीर्षात आहे.